गोदातीरचे ग्रंथकार व त्यांची लेखनरीत

परभणी जिल्ह्यांतील बोरी गांवचे भास्करभट्ट हे यादव राजवटीच्या अखेरच्या काळांतील नामांकित कवि होत. महानुभाव पंथांत त्यांना कवीश्वर म्हणतात, आणि त्यांच्या नांवानें चालत आलेली शाखा कवीश्वर आम्नाय म्हणून आजहि ओळखली जाते. यांनीं शिशुपालवध नांवाचें काव्य रचिलें. हजारांवर ओव्यांचा हा ग्रंथ वर्णनांनीं व शृंगारानें नटलेला आहे. ग्रंथ सिद्धीस गेल्यावर कवीनें तो आपल्या गुरुबंधूंपुढें ठेविला. गुरुबंधूंनीं तो मन लावून ऐकला. ग्रंथ चांगला झाला, असें प्रांजळपणें सांगितलें. आणि लागलीच पुढें असें सांगितलें कीं, हा ग्रंथ संसारांत रमलेल्या माणसांच्या कामाचा आहे, संसार टाकून निघालेल्यांच्या कामाचा नव्हे.

वर्षानुवर्षांच्या श्रमाला मिळालेली ही पावती! एखादा कवि रागावून उठून गेला असता. दुसऱ्या एखाद्यानें पोथी गंगेंत सोडली असती. भास्करभट्टांनीं यांपैकीं कांहींच केलें नाहीं. त्यांनीं भागवताचा एकादशस्कंध हातीं घेतला आणि आठशेंवर ओव्यांची उद्धवगीता लिहिली. तिच्यांत वैराग्य आहे, ज्ञान आहे, भक्ति आहे. शृंगाराला मात्र तिनें दार लावून घेतलें आहे. पहिला ग्रंथहि त्यांनीं नष्ट केला नाहीं. त्यामुळें आज मराठी वाचकाला दोन्ही ग्रंथ मिळतात, आणि एका टीकेनें कवि कसा वळला हें पानें उलटून ताडून पाहतां येतें.

लिहिणें म्हणजे लेखणी हातांत धरून कागदावर अक्षरें काढणें, अशी सामान्य समजूत आहे. ज्यांचा लिहिण्यावरच चरितार्थ चालतो, त्यांना ही समजूत किती अपुरी आहे तें पक्कें ठाऊक असतें. वृत्तपत्राचा उपसंपादक, वकिलाच्या कचेरींतला मसुदा करणारा कारकून, सरकारी अहवाल तयार करणारा अधिकारी, भाषांतरावर पोट भरणारा लेखक, या सर्वांचें काम टप्प्याटप्प्यानेंच होतें. आधीं माहिती जमवावयाची, मग ती लावावयाची, मग खर्डा, मग खाडाखोड, मग शुद्ध प्रत, आणि शेवटीं मुद्रितें तपासावयाचीं. ही सगळी शिस्त छापखान्याबरोबर पश्चिमेकडून आली, असें पुष्कळांना वाटतें. पश्चिमेकडे ती जुनी आहे यांत शंका नाहीं. रोमचा अध्यापक क्विंटिलियन यानें इसवी सनाच्या पहिल्याच शतकांत आपल्या विद्यार्थ्यांना बजावलें होतें कीं, मेणाच्या पाटीवर लिहा, कारण तीवरचें खोडणें सोपें; आणि मागाहून सुचेल तें भरावयास कोरी जागा राखून ठेवा. परंतु आपल्या गोदातीरच्या लेखकांना ही गोष्ट कोणा परक्यानें शिकविली नव्हती. त्यांनीं ती आपल्या गरजेनें शोधून काढली होती, आणि त्यांची गरज क्विंटिलियनच्या शिष्यांच्या गरजेहून पुष्कळच मोठी होती.

ती गरज कोणती हें समजण्यासाठीं भास्करभट्टांच्या आधींच्या पिढीकडे, म्हाइंभटांकडे वळावें लागतें.

तेराव्या शतकाच्या आठव्या दशकांत श्रीचक्रधरस्वामी आपल्या शिष्यांना सोडून उत्तरेकडे निघून गेले. त्यांनीं स्वतः कोणताहि ग्रंथ लिहून ठेविला नव्हता. त्यांची सारी शिकवण बोलण्यांत होती, आणि तें बोलणें वाटेंत, देवळाच्या ओसरीवर, नदीकांठीं, जेवतांना, कोणाच्या तरी प्रश्नाला उत्तर म्हणून झालेलें. ज्यांनीं तें ऐकलें, तीं माणसें वेगवेगळ्या गांवांची. कोणी विद्वान ब्राह्मण, कोणी वृद्ध विधवा, कोणी साधा भाविक. शिष्यपरिवार वऱ्हाडांत ऋद्धिपुराला गोविंदप्रभूंच्या आश्रयास गेला. तेथें नागदेवाचार्य, म्हणजे सर्वांचे भटोबास, स्वामींच्या गोष्टी आठवीत आणि त्या आठवणींतच त्यांचा दिवस जाई.

म्हाइंभट हे सराळें गांवचे सधन व विद्वान गृहस्थ. वादविवादांत रस घेणारे. पुढें सर्व सोडून ते या परिवारांत आले. त्यांच्या ध्यानांत एक गोष्ट आली, आणि ती आली म्हणूनच मराठी भाषेला तिचा पहिला गद्य चरित्रग्रंथ लाभला. आज ज्यांना आठवतें, तीं माणसें उद्यां राहणार नाहींत. आणि तीं गेलीं म्हणजे त्यांच्याबरोबर स्वामींचे शब्दहि जातील. यास्तव त्यांनीं या आठवणी लिहून काढण्याचें काम अंगावर घेतलें. ऋद्धिपुरांत वाजेश्वरीच्या स्थानीं भटोबासांनीं सांगावें व म्हाइंभटांनीं लिहून घ्यावें, असा क्रम चालला, असें पंथाची परंपरा सांगते.

पण भटोबास सर्व प्रसंगीं हजर नव्हते. जो प्रसंग ज्याच्यासमोर घडला, त्याच्याकडूनच तो ऐकावयाचा, असा म्हाइंभटांचा कटाक्ष होता. त्यासाठीं ते गांवोगांव गेले. ज्या माणसाशीं स्वामी बोलले होते, त्या माणसाला गांठून काय घडलें, कोठें घडलें, आणखी कोण तेथें होतें, स्वामी नेमके काय म्हणाले, हें त्यांनीं विचारून घेतलें. परिवारांतील बायकांची साक्ष त्यांनीं पुरुषांच्या साक्षीइतकीच मोलाची मानली, हें विशेष लक्षांत ठेवण्यासारखें आहे. महदाइसेसारखी चिकित्सक बाई स्वामींना प्रश्नामागून प्रश्न विचारीत असे. तिचे ते प्रश्न आणि त्यांचीं उत्तरें ग्रंथांत जागोजाग आलेलीं आहेत. तेराव्या शतकांतील बायका घरांत कशा बोलत, कशा रुसत, कशी शंका काढीत, हें आज ज्या थोड्या ठिकाणीं ऐकूं येतें, त्यांतलें हें पहिलें ठिकाण होय.

जमविलेल्या या आठवणींना ते लीळा म्हणतात. त्या लावण्याची रीतहि पाहण्यासारखी आहे. ग्रंथाचे तीन भाग आहेत: एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध. एकांकांत स्वामींच्या एकट्या भ्रमंतीच्या लीळा येतात. त्या वेळीं जवळ शिष्य कोणी नव्हता; म्हणून त्या भागाला आधार काय तो स्वामींनींच पुढें बोलतां बोलतां सांगितलेल्या गोष्टींचा. शिष्य जमल्यानंतरच्या लीळा पुढील दोन भागांत आहेत, आणि त्यांना पाहणारे-ऐकणारे साक्षीदार आहेत. अशा रीतीनें ग्रंथाची नुसती मांडणी पाहिली तरी पुराव्याची जात वाचकाच्या ध्यानांत येते. आजचा इतिहासलेखक याहून निराळें काय करतो?

मग खर्डा. म्हाइंभटांचें गद्य वाचणाऱ्याला पहिल्यानें तें रुक्षच वाटेल. आंखूड वाक्यें, विशेषणें जवळजवळ नाहींतच. गांवाचें नांव, जागेचें नांव, माणसाचें नांव, एक प्रश्न, एक उत्तर, आणि लीळा संपली. संस्कृतांत मुरलेल्या पंडिताला अलंकार येत नव्हते असें कोण म्हणेल? त्यांनीं ते हात आंखडून घेतले. ऐकलेल्या वाक्यांत आपला शब्द मिसळूं द्यावयाचा नाहीं, हा त्यांचा नेम होता. आणि विद्वान माणसाला हा नेम पाळणें किती कठीण जातें, हें शाळेंत निबंध तपासणाऱ्या कोणाहि शिक्षकाला विचारावें. लिहून झालेलें भटोबासांच्या नजरेखालून जाई. त्यांनीं ऐकावें, चुकलें असेल तें सांगावें, आणि मगच तें पक्कें व्हावें.

असा हा ग्रंथ तयार झाला, आणि पुढें तो नाहींसा झाला.

चवदाव्या शतकाच्या आरंभीं खिलजी सैन्याच्या धाडींत देवगिरीचें राज्य मोडलें, महाराष्ट्रभर धांवपळ उडाली, आणि त्या गोंधळांत लीळाचरित्राची मूळ पोथी गेली. मूळ साक्षीदारांपैकीं बहुतेक तोंवर वारले होते. म्हाइंभटांनीं आठवणींतून जो ग्रंथ उभा केला होता, तो आतां पुन्हां आठवणींतूनच उभा करावयाचा होता. ज्यांनीं तो वाचला होता, ऐकला होता, मुखोद्गत केला होता, त्यांनीं आपापल्या स्मृतीवरून तो लिहिला. हिराइसा नांवाच्या बाईंच्या स्मरणांतून एक पाठ झाला, परशरामबासांचा दुसरा, रामेश्वरबासांचा आणखी एक. साहजिकच ते तंतोतंत जुळेनात.

येथें या मंडळींनीं जें केलें, त्याबद्दल त्यांचें कौतुक करावें तेवढें थोडें आहे. पाठ जुळत नाहींत म्हटल्यावर त्यांतला एक खरा ठरवून बाकीचे जाळून टाकणें, हा सोपा मार्ग होता. आणि जगांतल्या पुष्कळ धर्मपीठांनीं तो वेळोवेळीं पत्करलेला आहे. महानुभावांनीं भेद जपून ठेविले. पोथ्यांतून जेथें आठवण वेगळी पडते, तेथें ‘वासना’ असा शब्द घालून ती दुसरी आठवणहि नोंदली जाते. अमक्याची वासना अशी, तमक्याची तशी. निवाडा वाचकानें करावा. ग्रंथाचें पावित्र्य त्यांना कमी वाटत होतें असें मुळींच नाहीं; तें फार वाटत होतें, म्हणूनच नसलेली खात्री असल्याचें दाखविणें त्यांना पाप वाटलें असावें.

एकच प्रत ठेवण्याचा धोका त्या काळीं आणखी एका कवीला वेगळ्या तऱ्हेनें भोगावा लागला. नरेंद्र कवीनें १२९२ च्या सुमारास रुक्मिणीस्वयंवर रचिलें आणि रामदेवराव यादवाच्या दरबारीं वाचलें. राजा इतका लुब्ध झाला कीं, हा ग्रंथ माझ्या नांवावर करून दे, ओवीमागें सोन्याचें नाणें देतों, असें त्यानें सांगितल्याची कथा पंथांत प्रसिद्ध आहे. आपल्या कविकुळाला बट्टा लागेल म्हणून नरेंद्रानें तें नाकारलें. पण पोथी तर राजाच्या हातीं पडलेली! तेव्हां कानामात्रा शुद्ध करून आणतों, अशी सबब सांगून त्यानें ती एका रात्रीपुरती घरीं आणली, आणि साल व नृसिंह या दोघां भावांसह रात्रभर बसून उतरून काढली. पहांटेपर्यंत सुमारें नऊशें ओव्या झाल्या. राहिलेल्या राजवाड्यांत गेल्या, त्या गेल्याच.  कथेंतलें सोनें बाजूला ठेवलें तरी सबब मात्र अगदीं खरी वाटते. लिहिलेला ग्रंथ कानामात्रा तपासल्यावांचून पुरा होत नाहीं, हें राजालाहि इतकें मान्य होतें कीं त्याला शंका आली नाहीं.

याच परिवारांतले केसोबास म्हणजे केशिराज व्यास. यांच्यापुढें प्रश्न निराळा होता. लीळाचरित्रांतून स्वामींचीं वचनें वेगळीं काढून त्यांनीं सूत्रपाठ सिद्ध केला, आणि स्वामींनीं सांगितलेल्या लहान लहान गोष्टींचा दृष्टांतपाठ जुळविला. संस्कृतांतहि त्यांची लेखणी सफाईनें चालत असे. पुढचें लिखाण संस्कृतांत करावें, असा त्यांचा मानस होता. त्याला भटोबासांनीं अडविलें. त्यांचें म्हणणें एवढेंच होतें कीं, तसें केलें तर माझ्या म्हाताऱ्या बायका नागवल्या जातील. ग्रंथ कोणासाठीं हा प्रश्न लेखणी उचलण्यापूर्वीं विचारावयाचा असतो, आणि भटोबासांनीं तो वेळेवर विचारला. बोरीच्या भास्करभट्टांना त्यांच्या गुरुबंधूंनीं तोच प्रश्न ग्रंथ संपल्यावर विचारला होता. फरक इतकाच कीं, केसोबासांचे श्रम वाचले व भास्करभट्टांचे दुप्पट झाले.

महानुभावांचें हें वाङ्मय पुढें सकळी, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिलें जाऊं लागलें. पंथाबाहेरच्या माणसाला पोथी हातांत आली तरी वाचतां येईना. यानें पोथ्या जशा होत्या तशा राहिल्या. भलत्यासलत्या हातांनीं त्यांत भर घातली नाहीं. पण त्याचबरोबर शेंकडों वर्षें मराठी वाचकाला आपल्या भाषेंतल्या पहिल्या गद्याचा पत्ताच नव्हता. विसाव्या शतकांत राजवाड्यांसारख्या संशोधकांनीं लिपीची किल्ली शोधून काढली, तेव्हां हें भांडार उघडलें. लाभ मोठा कीं हानि मोठी, याचा हिशेब ज्यानें त्यानें करावा.

गोदावरीच्या प्रवाहाबरोबर खालीं आलें म्हणजे परभणी जिल्ह्यांत गंगाखेड लागतें. संत जनाबाई येथल्या. लहानपणींच त्या नामदेवांच्या घरीं पंढरपुरास दासी म्हणून राहिल्या. दळण, कांडण, पाणी, शेण, झाडलोट हा त्यांचा व्यवसाय; आणि त्यांचे अभंग याच कामांतून उमटलेले आहेत. जात्याच्या खुंट्याला दोन्ही हात गुंतलेल्या बाईनें लेखणी कोणत्या हातांत धरावयाची?

जनाबाईंच्या नांवावर एक अभंग आहे. वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीनें तो फार मोलाचा आहे. त्यांत कोणत्या संताचे बोल कोणी लिहून घेतले, याची यादीच दिलेली आहे. ज्ञानेश्वरांचा लेखक सच्चिदानंदबाबा, सांवता माळ्याचे शब्द काशिबा गुरवानें टिपले, चोखामेळ्याचे अनंतभट्टानें. माळ्याचा लेखक गुरव, आणि ज्याला देवळाची पायरी चढूं देत नव्हते त्याचा लेखक ब्राह्मण! ही यादी ऐतिहासिक दृष्ट्या किती काटेकोर आहे यावर विद्वान वाद घालोत. पण रचणारा एक व लिहिणारा दुसरा ही रीत तेव्हां घरोघरची होती, हें तिच्यावरून स्पष्ट होतें. आणि स्वतःच्या लेखकाचें नांव सांगण्याची वेळ आली तेव्हां जनाबाई देवाचेंच नांव सांगतात. भाविक वाचकाला त्यांत चमत्कार दिसेल. ज्या दासीला लिहून घेणारा कोणी मनुष्य मिळाला नाहीं, तिनें आपली अडचण अशी सांगितली, असेंहि त्यांत वाचतां येतें. आणि हें वाचणें पहिल्याहून कमी हृदयस्पर्शी नाहीं.

सच्चिदानंदबाबांनीं नेवाशास ज्ञानेश्वरी लिहून घेतली ती शके १२१२ मध्यें, म्हणजे १२९० सालीं. ती पोथी एक होती. तिच्या नकला झाल्या, नकलांच्या नकला झाल्या. नकल करणारा कोणी झोंपेला आलेला, कोणी घाईंतला, कोणी स्वतःला कवि समजणारा. पहिले दोघे शब्द गाळीत. तिसरा ओव्या घालीत असे, आणि तोच सर्वांत घातक. तीनशें वर्षांनंतर पैठणास एकनाथांनीं निरनिराळ्या प्रती जमवून, पाठ ताडून, ज्ञानेश्वरी शुद्ध केली. हें काम शके १५०६ मध्यें, १५८४ सालीं पुरें झालें. एकनाथ स्वतः मोठे कवि. मराठी ओवी त्यांच्या हातचा मळ. ज्ञानेश्वरींत चार ओव्या घातल्या असत्या तर कोणाला ओळखूंहि आल्या नसत्या. त्यांनीं एकहि घातली नाहीं असा त्यांचा लौकिक आहे. उलट जो कोणी यापुढें असें करील, त्यानें अमृताच्या ताटांत करवंटी ठेवली असें समजावें, अशा अर्थाची ताकीद शेवटीं लिहून ठेवली. मराठींत ग्रंथसंशोधनाचें शास्त्र सुरू झालें तें येथून.

लेखनाच्या हातकामाविषयीं सर्वांत बारकाईनें लिहिलें तें रामदासस्वामींनीं. त्यांचें जन्मगांव जांब हें परभणीच्या शेजारच्या जालना जिल्ह्यांत. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास सगळा लेखनक्रियेवर आहे, आणि तो वाचतांना समर्थांनीं नकलकारांच्या पोथ्यांनीं किती डोकेदुखी सोसली असेल याची कल्पना येते. अक्षर वाटोळें व सुटें असावें. पहिल्या पानावर जसें, तसेंच शेवटच्या पानावर; सारा ग्रंथ एकाच टांकानें लिहिल्यासारखा दिसावा. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला लागूं नये. तरुणपणीं डोळे चांगले असतात म्हणून बारीक लिहिलें तर म्हातारपणीं तीच पोथी निरुपयोगी होते, तेव्हां अक्षर मध्यम ठेवावें. पानाच्या चारी बाजूंना जागा सोडावी, म्हणजे कडा झडल्या तरी अक्षर शाबूत राहील. शेवटचा हा सल्ला ज्यानें जुनी पोथी एकदां हातांत धरली आहे, त्याला समजावून सांगावा लागत नाहीं.

कागद पुष्कळदां दौलताबादेकडचा असे. तेथून जवळच कागजीपुऱ्यांत कागद करणारांची वस्तीच होती. शाई दिव्याच्या काजळाची, बाभळीचा डिंक घालून खलांत घोटलेली. ती जितकी घोटावी तितकी टिके. बोरू तासावयाला चाकू. लिहितांना चूक झाली तर काय? कागद महाग, पान फाडून टाकण्याची चैन कोणाला परवडणार? अशा वेळीं हरताळ नांवाचें पिवळें खनिज डिंकांत कालवून तें चुकलेल्या अक्षरावर फांसावयाचें, वाळूं द्यावयाचें, आणि वरून नवें अक्षर लिहावयाचें. जुन्या पोथ्यांत हे पिवळे ठिपके पाहिले म्हणजे कोठें लेखक अडखळला तें आजहि बोट ठेवून दाखवितां येतें. केलेल्या कामावर हरताळ फांसणें हा वाक्प्रचार येथूनच आला. फक्त बोलीभाषेनें त्यांतला दुरुस्तीचा भाग सोडला आणि पुसण्याचा तेवढा ठेवला.

दरबारी लेखनाची गोष्ट वेगळी. देशपांडे, कुलकर्णी, चिटणीस यांचें लेखन मोडींत. बोरू फारसा न उचलतां झरझर चालणारें. तेथें पद्धत ठरीव असे: धन्यानें आशय सांगावयाचा, कारकुनानें मसुदा करावयाचा, तो वाचून दाखवून दुरुस्त करावयाचा, मग शुद्ध पत्र. बाळाजी आवजी चिटणिसांची दंतकथा येथें आठवते. महाराजांनीं सांगितलेलें पत्र कामाच्या गर्दींत लिहावयाचें राहिलें, आणि रात्रीं वाचून दाखविण्याची आज्ञा झाली. बाळाजींनीं कोरा कागद समोर धरून सबंध पत्र अस्खलित वाचलें. मशालजीला हंसूं आलें म्हणून गोष्ट फुटली. कथा बुद्धिमत्तेची म्हणून सांगतात. तिच्यांत शहाणपण आणखीहि आहे: कागदावर उतरण्यापूर्वींच पत्र बाळाजींच्या मनांत पुरतें लावून झालेलें होतें.

शिवकालीन पत्रांत मजकूर संपतांच ‘मर्यादेयं विराजते’ ही मर्यादामुद्रा उठवीत. मजकूर येथें संपला. यापुढें कोणीं कांहीं लिहिलें तर तें खोटें. सच्चिदानंदबाबांच्या पोथीवर अशी मुद्रा कोठून असणार? म्हणून तर एकनाथांना एवढे श्रम पडले.

पोथ्यांच्या नकला करणारे लेखक मात्र बहुतेक निनांवी राहिले. पण पोथीच्या शेवटच्या पानावर त्यांचा आवाज ऐकूं येतो. समाप्तीनंतर दोन-तीन ठराविक श्लोक लिहिण्याचा प्रघात देशभर होता. जसें पुस्तक पाहिलें तसें लिहिलें, शुद्ध असो वा अशुद्ध, मला दोष देऊं नये, असें एकांत म्हटलेलें असतें. दुसऱ्यांत पाठ, कंबर व मान मोडून, नजर बांधून, तोंड खालीं घालून हें कष्टानें लिहिलें आहे, तरी जपून ठेवावें, अशी विनवणी. तिसऱ्यांत तेलापासून राखावें, पाण्यापासून राखावें, सैल बांधणीपासून राखावें, आणि मूर्खाच्या हातीं देऊं नये, असें स्वतः पोथीच बोलते.

लीळाचरित्राच्या अशा राखलेल्या पोथ्या मठांतून व घरांतून गोळा करून, त्यांचे पाठ ताडून, डॉ. वि. भि. कोलते यांनीं सिद्ध केलेली प्रत महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृति मंडळानें १९७८ सालीं छापली. म्हाइंभटांनीं वाजेश्वरीला लिहावयास आरंभ केल्याला तोंवर सुमारें सातशें वर्षें होऊन गेलीं होतीं.